हँडलवरचा हात

मूकपटाचा कॅमेरा हाताने चालायचा. बाजूचं हँडल सेकंदाला दोन फेरे फिरवायचं, ना कमी ना जास्त. हात मंदावला की पडद्यावरची माणसं पळत सुटतात. हात घाईला आला की ती पाण्यातून चालल्यासारखी तरंगतात. कॅमेरावाल्याला हे झोपेतही ठाऊक होतं. तरी त्याचा हात चुकला.

पडदे ओढलेल्या खोलीत स्टुडिओचे मालक कालचं काम बघत होते. नायिका त्यांचीच मुलगी. नायक गिरणीवाल्याचा मुलगा, तिचा ठरलेला नवरा. पडद्यावर दोघांची मिठी भांडणाऱ्या कोंबड्यांसारखी झटक्यात उरकली. मग मुलगी एकटी खिडकीशी वळली, ती इतकी सावकाश, की कपाळावरची बट खाली यायला युग लागलं.

मालक हसले नाहीत. मागे उभ्या कॅमेरावाल्याकडे वळले. "मिठीत तुझा हात लुळा पडतो, आणि ही एकटी दिसली की अंगात वारं शिरतं?"

"हँडल जड झालंय, मालक."

"हँडल जड झालंय की तू पायरी सोडलीस? मिठी आत्ता पुन्हा घ्यायची. मी शेजारी उभा राहतो. हात ढळला तर नोकरी संपली."

सेटवर गिरणीवाल्याचा मुलगा कुरकुरला, "तिसऱ्यांदा मिशी चिकटवतोय. आता तरी नीट फिरव रे बाबा!"

मालकांनी खिशातलं घड्याळ काढलं. हँडल फिरू लागलं. नायकाने मुलीला जवळ घेतलं. तिचे कान हँडलच्या खरखरीकडे होते. आवाज ढळला नाही. मालकांची नजर घड्याळावरून हातावर, हातावरून घड्याळावर.

मुलीने नायकाच्या खांद्यावरून पाहिलं. कॅमेरावाल्याने ओठ दातांत धरला होता आणि हनुवटीवर रक्त आलं होतं.

ती मिठीतून बाहेर पडली.

"बाबा, हात कसला बघता? तोंड बघा त्याचं!"

हँडल थांबलं.

"तो आपला नोकर आहे," मालक हळूच म्हणाले.

"मी त्याला हो म्हटलंय. सहा महिने झाले."

"लाज गुंडाळून ठेवलीस?"

"लाजत बसले, म्हणून तर त्याला रोज हे बघावं लागलं."

"दोघंही चालते व्हा."

"अहो, पण चित्र अर्धं आहे!" नायक ओरडला. कुणी वळून पाहिलं नाही.

कॅमेरावाल्याने सवयीने भिंगावर झाकण बसवलं. पाय मात्र उचलेना. मुलीने गळ्यातले खोटे मोती खुर्चीवर ठेवले.

"चल रे."

आता कुठे त्याचा हात थरथरू लागला. तिने तो सगळ्यांदेखत धरला.