फेस बसला आणि दोष आम्हाला

मी एक जुना दाढीचा ब्रश आहे. माझी मूठ लाकडाची आणि केस डुकराचे. हसू नका मित्रांनो, याच केसांनी एकतीस वर्षे भल्याभल्यांच्या गालांना फेस लावला आहे! आज मात्र मी चिडलो आहे, आणि सगळे सांगितल्याशिवाय गप्प बसणार नाही.

माझे मालक दाढी-कटिंगचे दुकान चालवतात. साबण त्यांच्या धाकट्या मेहुण्याचा. घरामागच्या खोलीत खोबरेल, एरंडेल आणि शिया बटर शिजवून तो वड्या पाडायचा. मी वडीवर दहा वेळा फिरलो की दाट फेस उभा राही. वस्तरा असा सरके, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरू लागे. कोणी वाहवा केली की मालक म्हणत, "हात माझा, पण साबण मेहुण्याचा." माझे नाव कोणी घेत नसे, पण मी सुखी होतो.

गेल्या वर्षी फेस बसू लागला. वडीचा आकार तोच, कागद तोच, कागदावरची अक्षरेही तीच. वास मात्र रस्त्यापर्यंत जाईल इतका! पहिले खापर माझ्यावर फुटले. "ब्रश म्हातारा झाला," म्हणून मला व्हिनेगरमध्ये बुडवले, कंगव्याने विंचरले, शेवटी नवा ब्रश आणला. त्याचाही फेस बसला, तेव्हा मला परत कामाला लावले. मग पाण्याला दोष दिला. आणि एके दिवशी निवृत्त मास्तरांची हनुवटी कापली गेली. मालक आपल्या हाताकडे बघत बसले.

डबा घेऊन आलेल्या बायकोला ते म्हणाले, "खुर्ची विकून टाकतो. माझा हात गेला."

"काहीतरीच काय! परवा सुईत दोरा तुम्हीच ओवून दिलात ना?"

"सुई कुणाच्या गळ्यावर नसते गं."

मला पाय असते तर तळपायाची आग मस्तकात गेली असती. साबण माझ्याच केसांत विरघळत होता. त्यात एरंडेल नावापुरते उरले होते, हे मला कळत होते. पण ब्रशला विचारतो कोण?

खुर्ची न्यायला माणूस येणार, त्याच्या आदल्या दिवशी मेहुणा दाढीला आला. मालकांनी वडी उचलताच त्याने त्यांचा हात धरला.

"दाजी, ती नको. ही ट्यूब आणलीय, ही लावा."

"का रे? तुझीच तर वडी."

"आग होते तिनं," तो पुटपुटला. मग हळूहळू सगळे बाहेर आले. "शिया बटर महागलं, पामतेल घातलं. एरंडेल कमी केलं, ते कळू नये म्हणून अत्तर वाढवलं. सगळेच करतात, दाजी. भाव वाढवला असता तर गिऱ्हाईक तुटलं असतं."

"मग मला सांगायचंस तरी! वर्षभर मी माझ्या हाताला नावं ठेवली रे. उद्या ही खुर्ची जाणार होती."

मेहुण्याला मान वर करवेना. मालकांनीच ती वर केली, ट्यूब पिळली आणि मला हाती घेतले. फेस टिकला. वस्तरा एकदाही अडखळला नाही. आरशात बघताना मालकांचे डोळे भरून आले.

मित्रांनो, महागाई सर्वांनाच आहे. साबण बदलावा लागला तर बदला, पण कागदावर तसे लिहा. तुम्ही गुपचूप एक तेल कमी करता आणि कुठेतरी एखादा कसलेला माणूस स्वतःवरचा विश्वास गमावून बसतो. आमच्याकडे निदान एक दिवस आधी का होईना, कळले आणि खुर्ची वाचली. जिथे कळलेच नाही, तिथल्या खुर्च्या विकल्या गेल्या असतील.