आत तीन, बाहेर साडेतीनशे

मी मापाचा जग बोलतोय. पारदर्शक प्लॅस्टिकचा, कान धरून उचलायचा, पोटात बरोबर एक लिटर मावणारा. कारखान्यात साच्यातून गरमागरम बाहेर पडलो तेव्हा मी अगदी कोरा होतो. मग माझ्या अंगावर लाल रेघा छापल्या. उजवीकडे लिटर: पाव, अर्धा, पाऊण, एक. डावीकडे मिलीलिटर: शंभर, दोनशे करत करत थेट हजार. आणि समोर, चोचीखाली, डेसिलिटर: एक ते दहा. पाणी तेवढंच, पण उजवीकडून बघणाऱ्याला ते एक दिसतं, समोरून दहा आणि डावीकडून हजार. यावरून एखाद्या घरात केवढा गोंधळ माजू शकतो, हे मला तेव्हा काय ठाऊक!

मला एका आजींनी विकत घेतलं. त्या ऑर्डरप्रमाणे केक करून द्यायच्या. ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी माझी जागा. अडीचशे मिलीलिटर दूध म्हणजे अडीचशेच, थेंबभर इकडेतिकडे झालेलं त्यांना खपत नसे. डेसिलिटरकडे मात्र घरात कुणी ढुंकूनही बघत नसे. तरी माझा थाट काय विचारता! शेजारच्या चहाच्या गाळणीशी मी बोलतसुद्धा नसे.

मग आजोबांना मुतखडा झाला.

आजोबा शिंपी. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, रोज तीन लिटर पाणी प्या. सोमवारपर्यंत खडा आपोआप पडला तर उत्तम, नाहीतर ऑपरेशन. आजोबा पांढरेफटक पडले. "आयुष्यभर मी दुसऱ्यांचं कापलं," ते घरी येऊन आजींना म्हणाले, "पण ते कापड होतं गं!"

सून औषधांच्या दुकानात कामाला होती. तिला मिलीलिटरशिवाय दुसरी भाषाच येत नसे. तिने मला आजोबांसमोर ठेवलं आणि डावी बाजू दाखवली. "बाबा, दिवसाला तीन हजार मिलीलिटर. चुकवायचं नाही."

"तीन हजार!" आजोबा मटकन खुर्चीत बसले. "मी माणूस आहे की गच्चीवरची टाकी?"

आजींनी मला हळूच उजवीकडे वळवलं. "अहो, तीन हजार कुठले? तीनच तर आहेत."

"तीनच? मग तसं सांगायचं की!" आजोबा खूश झाले. आजींनी मला काठोकाठ भरलं. आजोबांनी माझ्याकडे वरून पाहिलं, खालून पाहिलं, गळ्यातली टेप काढून माझी उंची घेतली, घेर घेतला. "हा एक? हा काही एकाच्या अंगाचा वाटत नाही," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

शेवटी आजींनी डेसिलिटर काढला. एका डेसिलिटरची एक वाटी, म्हणजे शंभर मिलीलिटर. अशा तीस वाट्या. माझी ती दुर्लक्षित रेघ पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आली, माझा ऊर भरून आला. वाटी बघून आजोबांचाही जीव भांड्यात पडला. फक्त त्यांची दुकानदारी सुटली नव्हती. "तिसात पाच कमी कर ना," ते म्हणाले. "गिऱ्हाईक जुनं आहे."

इथवर सगळं ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. आत किती जातं ते मोजताय, तसं बाहेर किती येतं तेही मोजा, आणि भांड्यातच धरा, म्हणजे खडा पडला तर दिसेल. सुनेने फोन ठेवला आणि विचारलं, "आई, रेघा असलेलं भांडं आपल्याकडे कुठलं?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. गाळणीनेही पाहिलं.

"ने बाई," आजी सुस्कारा सोडून म्हणाल्या, "पण हा परत ओट्यावर यायचा नाही, सांगून ठेवते." अशी माझी स्वयंपाकघरातून उचलबांगडी झाली आणि मी बाथरूमच्या फळीवर येऊन पडलो.

त्या संध्याकाळी सुनेने मला उजेडात धरून हिशेब मांडला. "बाबा, तुम्ही म्हणता तीन लिटर प्यायलात. बाहेर आलं साडेतीनशे मिलीलिटर. मग उरलेले दोन हजार सहाशे पन्नास गेले कुठे?"

आजोबा क्षणभर गडबडले आणि मग एकदम ताठ झाले. "आत गेले तीन, बाहेर आले साडेतीनशे! तीन मोठे की साडेतीनशे? अगं, उलट मीच घरचं घालून दिलंय!"

सून तोंडाला ओढणी लावून हसत सुटली. आजी हसल्या नाहीत. त्या खिडकीपाशी गेल्या. आजोबांच्या खुर्चीमागच्या कुंडीतून पाण्याची धार लागली होती आणि बिचारं झाड मान टाकून उभं होतं. कितीतरी वाट्या त्यानेच रिचवल्या होत्या.

आजी खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या. "मला भीती वाटते हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्या टेबलावर निजवतील, दार लावून घेतील आणि मी बाहेर बाकावर बसून राहीन. तुम्हाला झाडाला पाणी घालायला सुचतंय!"

आजोबा उठले. मग त्यांनी स्वतःच वाटी भरली. आजींनीही आपली भरली. त्यानंतर दोघंही वाटीला वाटी प्यायचे. बाथरूमबाहेर दोघांची एकच धांदल उडायची, "आधी मी", "नाही, आधी मी". मी दिवसाला दोन लिटरच्या पुढे गेलो, म्हणजे दोनदा भरून रिकामा झालो आणि वर चार डेसिलिटर.

रविवारी दुपारी माझ्या तळाशी आवाज झाला: टक्.

"पडला! पडला!" आजोबा असे ओरडले की घर गोळा झालं. ते एका हाताने पायजमा आणि दुसऱ्या हाताने मला धरून बाहेर आले. खडा धुऊन रुमालावर ठेवला, टेप लावली. "पाव इंचसुद्धा नाही!" ते चिडून म्हणाले. "एवढ्याशासाठी एवढं पाणी!" आजी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

ऑपरेशन टळलं. ओट्यावर आता नवा जग आहे, काचेचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आजोबांबद्दल. घरी कुणीही आलं की ते ही सगळी कथा सांगतात आणि मला बैठकीत आणून, चहाच्या कपांच्या बरोबर मध्ये ठेवून खडा कुठे पडला ती जागा बोटाने दाखवतात. पाहुण्यांचे कप तसेच भरलेले राहतात आणि मी शरमेने पाणी पाणी होतो.

तेव्हा एवढीच विनंती, त्यांच्याकडे गेलात तर तब्येतीची चौकशी करू नका. आणि कथा अर्धवट ऐकलेली एक शेजारीण परवा निघताना म्हणाली, तसं तर अजिबात म्हणू नका: "काका, जग छान आहे हो. दोन दिवस केकला द्याल?"