खालचं टोक

बेल वाजली तशी ठकीने बाहुली काखेत मारली, आतल्या खोलीत गेली आणि दार स्वतःच ओढून घेतलं. तिला सांगावं लागत नसे. आईने मागोमाग येऊन बाहेरून कडी लावायची, तेवढंच बाकी असायचं. एकदा ती मधेच बाहेर आली होती आणि एका पाहुणीच्या हातातली बशी कलंडली होती. कडी तेव्हापासूनची.

आज आईचा हात कडीपाशी गेला आणि थांबला. तिने कडी तशीच लोंबती ठेवली.

खुर्च्या विणणारा म्हातारा दारात उभा होता. एका हातात पांढरी काठी, खांद्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं वेताच्या पट्ट्यांचं भेंडोळं. त्याला दिसत नाही ना, हे तिने फोनवर पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं. तो हसला होता. काळजी करू नका बाई, म्हणाला होता, काम डोळस होतं. तिला काळजी कामाची नव्हतीच.

सोमवारी ठकीची शाळा सुरू होणार होती. गेल्या वर्षी ‘अजून लहान आहे’ म्हणून तिने ती पुढे ढकलली, तेव्हा सासूबाईंनी मान डोलावली होती. त्यांच्या मते पोरीला लोकांच्या नजरांपासून तळहाताच्या फोडासारखं जपायला हवं. यंदा नवरा परस्पर नाव घालून आला होता. ठकी घराबाहेरच्या माणसाशी अजून एक शब्द बोलली नव्हती. बोलेल की नाही, हे आईला सोमवारच्या आत बघायचं होतं.

आंधळ्या माणसाची कल्पना सुचली ती एका जुन्या कादंबरीमुळे. कॉलेजात अभ्यासाला होती. एक विद्वान रात्रंदिवस खपून जीव घडवतो आणि त्याने डोळे उघडताच घाबरून पळून जातो. त्या ओबडधोबड जिवाशी जगात एकच जण मायेने बोलतो, आणि त्याला दिसत नसतं. राक्षस नेमका कोण, यावर तिने पेपरात पानंच्या पानं लिहिली होती. मार्कही भरपूर पडले होते.

म्हाताऱ्याने खुर्चीच्या रिकाम्या चौकटीवरून बोटं फिरवली, भोकं चाचपली. मग म्हणाला, खालून पट्टीचं टोक परत वर सारायला कोणीतरी लागतं. एरवी बायको असते, पण तिचे गुडघे धरलेत.

“आहे एक जण,” आई म्हणाली. तिने आतल्या खोलीचं दार उघडलं.

ठकी उंबऱ्यात आली ती नेहमीसारखी तोंडावर पंजा ठेवून.

“हात काढ. आजोबांना दिसत नाही.”

ठकीने म्हाताऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पंजा काढून त्याला जीभ दाखवली, आणि खात्री पटल्यावर खुर्चीखाली शिरली.

वरून टोक खाली येई, शेजारच्या भोकातून वर जाई. पहिल्या काही ओळी भरल्या. मग म्हाताऱ्यानेच तोंड उघडलं.

“खाली कोण बसलंय? उंदीर की मांजर?”

“उंदीर.”

“मग वेत कुरतडू नकोस. आणि नाकात का बोलतोस रे उंदरा? सर्दी झालीय?”

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला.

“सर्दी नाही. माझा ओठ शिवलाय. फाटका होता. आईच्या पोटातून मी तसाच आणला.”

“असं. शिवण उसवत नाही ना? माझी उसवते कधी कधी. लोक खुर्चीवर उभे राहून बल्ब बदलतात.”

ठकी खुदकन हसली. तिने खुर्चीखालून मान बाहेर काढली, म्हाताऱ्याचं बोट धरलं आणि आपल्या ओठावर टेकवलं. नाकापासून खाली, जरा वाकडं वळण घेत, ते बोट वेतावरून फिरावं तसं फिरलं.

“बारीक टाका आहे,” तो म्हणाला. “हात बरा होता त्याचा. चल, टोक दे.”

घडी घातलेला टॉवेल आईने उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली.

वीण भरत आली. ठकीचा चेहरा आता जाळीमागे तुकड्यातुकड्यांनी दिसत होता.

समोरच्या काकूंचा आवाज जिन्यातूनच आला. खुर्चीवाले आलेत म्हणे, आमच्याही दोन बघतील का? दार उघडंच होतं.

आईने ठकीला हाताने खूण केली. आत. ठकीने मान हलवली.

“आई, टोक धरलंय. सोडलं तर सैल पडेल.”

चपला काढल्याचा आवाज झाला. निदान स्कार्फ तरी, असं पुटपुटत आई आतल्या खोलीत गेली आणि तिने आपल्यामागे दार ओढून घेतलं.

स्कार्फ खुंटीलाच होता. तो हातात घेऊन ती उभी राहिली. बाहेर काकूंची पावलं येऊन थांबली, मग काहीच ऐकू येईना. दाराच्या दोन फळ्यांमध्ये, तिच्या कमरेच्या उंचीवर, एक फट होती; तिच्या कडांचा रंग बोटांनी घासून गेलेला. ही फट तिने कधी पाहिली नव्हती. तिने गुडघे टेकले, फटीला डोळा लावला. सोफा दिसत होता, चहाचं टेबल दिसत होतं, आणि पाहुण्यांसमोर बशा ठेवत, हसत ती स्वतः उभी राहते, ती जागा अगदी मधोमध होती.

“अगंबाई,” काकू म्हणाल्या. मग वाकून, “इथे खाली कोण गं?”

“उंदीर.”

“असं होय. आणि उंदराची आई कुठे गेली?”

“आत. कोणी आलं की आत बसायचं असतं,” ठकी म्हणाली. “आज तिचा नंबर.”

म्हाताऱ्याने टोक मागितलं. ठकीने दिलं.

आईने नकळत तोंडावर गेलेला पंजा काढला. ती उठली आणि सवयीने कडीकडे हात नेला. आतल्या बाजूला कडी नव्हतीच. दार नुसतं ढकलायचं होतं.