मागे किती

डोंगरातली ती वाट चालणाऱ्यांचीही होती आणि सायकलवाल्यांचीही, आणि पहिली काही वर्षं दोघांनी एकमेकांचा उद्धार करण्यात घालवली. मग कुणा शहाण्याने एक रीत पाडली. उतरणाऱ्याने सायकल हळू करून "येऊ का?" विचारायचं. चालणाऱ्याने कडेला व्हायचं. पुढे जाताना सायकलवाल्याने डावा हात वर करायचा. मागे जितके जण, तितकी बोटं. मागे कुणीच नसेल तर मूठ. मूठ दिसली की चालणाऱ्याने बिनघोर वाटेवर यायचं.

वाटेच्या तोंडाशी या रितीची लोखंडी पाटी होती. पत्र्यातून कापलेला हात आणि खाली अक्षरं, 'मागे किती ते दाखवा'. ती एका वेल्डरने हौसेने करून लावली होती आणि तिचा त्याला भारी तोरा होता. आपल्या दोन्ही पोरांना त्याने ब्रेक दाबायच्या आधी बोटं दाखवायला शिकवलं, असं त्याची बायको हसून चारचौघांत सांगायची. आता ती काहीच सांगत नव्हती. धाकटा जाऊन पंधरवडा झाला होता.

त्या दिवशी एका वळणावर शिवणकाम करणारी एक म्हातारी बाई कडेला उभी राहिली, तिने थोरल्याला पुढे जाऊ दिलं आणि मग ती वाटेवर आली. तेवढ्यात मागून धाकटा आला. बाईला वाचवायला त्याने सायकल दरीच्या अंगाला घातली. थोरला म्हणत होता, मी एक बोट दाखवलं होतं. बाई म्हणत होती, मूठ होती. चौकशी आता उद्यावर आली होती, आणि ज्याची चूक ठरेल त्याच्यावर खटला होणार होता. आता म्हातारीच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून भाऊ गमावलेल्या पोराला खोटं कोण पाडणार?

वेल्डर बाईच्या घरी गेला तो भांडायलाच. रस्ताभर त्याने चार तिखट वाक्यं घोळवली होती. तिची एकच खोली होती. खिडकीशी शिलाई मशीन, त्यावर बाही न लागलेला कुणाचा तरी झगा, आणि मशीनच्या फळीवर सुया खोचलेली उशी.

"बसा. पाणी देऊ?"

"पाणी नको. उद्या तिथे काय सांगणार आहात, तेवढं ऐकायला आलोय."

"माझीच नजर चुकली असं सांगणार आहे," बाई म्हणाली.

घोळवलेली चारही वाक्यं आता वेल्डरच्या कामाची नव्हती.

"चष्मेवाल्याकडे जाऊन आले. नंबर तोच आहे म्हणतो," बाई सांगू लागली. "पण हल्ली मला सुईत दोरा ओवता येत नाही हो. समोर सुई दिसते, आणि वाटतं, हीसुद्धा तिथे नसेल. डोळे मिटले की अजून मूठच दिसते. पण सख्ख्या भावाच्या बाबतीत कुणी खोटं बोलेल का? तेव्हा बोटच असणार. माझ्यामुळे तुमचं लेकरू गेलं."

वेल्डर जिंकला होता. हायसं वाटायला हवं होतं, पण समोर मान खाली घालून बसलेली ती बाई बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"एक विचारू? रागावू नका," बाई म्हणाली. "धाकटा एवढा मागे कसा राहिला? थोरला गेल्यावर मी चपलेतला खडा काढला, पिशवी खांद्याला लावली, मग निघाले. दोघं भाऊ बरोबर नव्हते का?"

"वर दोघांची जुंपली होती," वेल्डर म्हणाला. "नेहमीचंच. माझ्या मागे येऊ नकोस, घरी जा, असं थोरल्याने त्याला सुनावलं. धाकट्याने सायकल वळवली तशी याला वाटलं, तो परत गेला. मागे कुणी आहे हे त्याला ठाऊकच..."

तो थांबला. पोराची हीच हकीकत त्याने पंधरा दिवस जो भेटेल त्याला सांगितली होती, थोरल्याचा दोष नाही हे पटवायला. मागे कुणी नाही असं ज्याला वाटत होतं, तो बोट कुणासाठी दाखवेल?

बाईने त्याच्याकडे पाहिलं. तिला कळलं असावं. तिने न मागताच पाणी आणलं, आणि त्याने ते उभ्यानेच घटाघटा संपवलं.

घरी बायको कांदा चिरत होती. त्याने सगळं सांगितलं. तिची सुरी थांबली नाही.

"तुम्हाला आत्ता कळलं?" ती म्हणाली. "मला त्याच दिवशी कळलं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मग काय करू? एक गेला. दुसरा स्वतःच्या हाताने नेऊन देऊ? ती बाई आपणहून अंगावर घेतेय ना? घेऊ दे."

थोरला आतल्या दाराशी येऊन उभा होता. केस विस्कटलेले, गाल बसलेले. त्याला एक सणसणीत ठेवून द्यावी असं वेल्डरला वाटलं, आणि त्याला पोटाशी धरावं असंही वाटलं. दोन्हीतलं काहीच जमलं नाही.

"बाबा, मी घाबरलो होतो," थोरला म्हणाला.

"ती पण घाबरलीय. सुई धरता येत नाही तिला," वेल्डर म्हणाला. "उद्या मी जातोय. तू आलास तर तू सांग. नाही आलास तर मी सांगेन."

"तुम्ही सांगितलंत तर या घरात माझ्याशी बोलू नका," बायको म्हणाली. तिने चिरलेला कांदा तसाच टाकला आणि ती आत निघून गेली. जेवण कुणीच केलं नाही.

सकाळी वेल्डर निघाला तेव्हा थोरला मागून येत होता, बरंच अंतर ठेवून. वेल्डरने वळून बघायचं टाळलं. बघितलं असतं तर त्याचेच पाय माघारी फिरले असते. चौकात गर्दी लागली आणि मागची पावलं ऐकू येईनाशी झाली.

चौकशीची खोली वरच्या मजल्यावर होती. बाई आधीच बाकावर येऊन बसली होती, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. वेल्डर उंबऱ्याशी पोचला तसा शिपायाने दाराला हात घातला.

"तुम्ही शेवटचेच ना? लावतो दार."

वेल्डरने जिन्याकडे पाहिलं. खाली वळणावर थोरला कठडा धरून उभा होता. वर येत नव्हता, परतही जात नव्हता. नुसतं हो म्हटलं की दार लागलं असतं. पोरगा घरी गेला असता, आईने त्याला ताट वाढलं असतं, आणि बापावर कुणी बोट ठेवलं नसतं.

वेल्डरने डावा हात वर केला. एक बोट.

"मागे एक आहे," तो म्हणाला. "दार लावू नका."

बाकावरच्या बाईने ते बोट पाहिलं. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिलं. मग ती रडायला लागली. थोरल्यानेही ते खालून पाहिलं होतं. तो एकेक पायरी चढू लागला, आणि तो वर येईपर्यंत वेल्डरने हात खाली घेतला नाही.