देश सोडायचा नाही

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास मेश्रामांच्या घरी कुणी फोन करत नसे. मिल्टन कीन्समधल्या त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना ते आता ठाऊक झालं होतं. त्या वेळी तिकडे अमेरिकेत, इंडियानातल्या एका लहानशा गावात, दुपारचा एक वाजलेला असे. हार्लन कॉलेजच्या हॉलमध्ये मॅच सुरू व्हायची आणि इकडे इंद्रजित टीव्हीसमोर खुर्ची ओढून, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसायचा. त्याची एकुलती एक मुलगी, तिचं नाव पूर्वी, हार्लनच्या मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये होती. जर्सी नंबर चौदा. कॉलेजचं हे तिचं चौथं आणि शेवटचं वर्ष.

नागपूरहून ते इकडे आले तेव्हा पूर्वी पंधरा वर्षांची होती. खेळ ती नागपुरातच शिकली होती. इथे आल्यावर क्लबमध्ये खेळली, क्लबच्या कोचने तिचे व्हिडिओ दहा ठिकाणी पाठवले आणि हार्लनने स्कॉलरशिप देऊन तिला उचललं. तोवर इंद्रजितला क्रिकेटपलीकडे काही कळत नव्हतं. आता मात्र हार्लन कॉलेजांच्या ज्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगमध्ये, खेळायचं तिची त्याला खडानखडा माहिती होती. दहा कॉलेजं, प्रत्येकाशी दोनदा गाठ, एकदा आपल्या हॉलमध्ये, एकदा त्यांच्या. त्यातली पहिली आठ कॉलेजं मार्चमधल्या टूर्नामेंटला जायची. कुठल्या हॉलचं छत बुटकं आहे, कुठली कोच हरायला लागली की कोट काढून खुर्चीवर फेकते, कुठल्या टीमची उंच पोरगी डाव्या बाजूने कधीच वळत नाही, हे सगळं तो ऑफिसात चहा घेता घेता सांगू शकला असता. विचारणारं कुणी नव्हतं, एवढंच.

या सीझनला तो आणि रचना स्वतः जाणार होते. निदान एक मॅच त्या हॉलमध्ये बसून बघायची, हे दोघांनी पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. अमेरिकेचा व्हिसाही पासपोर्टवर होता. पण सप्टेंबरमध्ये इथे कायम राहण्याच्या परवानगीचा अर्ज केला आणि सगळं अडकलं.

वॉटफर्डला त्यांची वकील होती, वरदा. तिने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं, "निर्णय येईपर्यंत देश सोडायचा नाही. सोडलात की अर्ज मागे घेतला असं धरतात. लग्नाला गेलात तरी, मयताला गेलात तरी."

"आणि किती दिवस?" रचनाने विचारलं होतं.

"ते कुणीच सांगू शकत नाही, काकू. काहींचं पटकन होतं. काहींचं नाही."

त्यांचं झालं नाही. जुन्या व्हिसाची मुदत नोव्हेंबरात संपली. आता त्या अर्जाच्या आधारावरच ते इथे होते. त्यातच इंद्रजितच्या कंपनीचा मोठा क्लायंट गेला आणि त्याचा विभाग उन्हाळ्यात बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. म्हणजे अर्ज गेला तर पुन्हा व्हिसासाठी स्पॉन्सर करणारी कंपनीही नाही. पूर्वीने इकडे यायचं म्हटलं, तर तिचा इथला व्हिसा केव्हाच संपलेला. आईबापांचंच काही ठरलेलं नसताना तिने नव्याने मागावा का, यावर वरदा म्हणाली, थोडं थांबा.

"जेलच आहे हे," इंद्रजित परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाला.

"जेलमधल्याला तारीख तरी माहीत असते," रचना म्हणाली.

रचना एका प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट होती. दिवसभर तीस पोरांचा गलका सहन करणारी ही बाई मॅचच्या वेळी मात्र टीव्हीसमोर यायची नाही. स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत राहायची आणि तिथूनच विचारायची, "पडली का?"

"पडली न. पण उठली."

"काऊन ढकलतात बाप्पा त्या पोरी एवढ्या!"

जानेवारीत हार्लनची सुरुवात वाईट झाली. लागोपाठ हरले. मॅचच्या व्हिडिओखाली प्रेक्षक लिहायचे, त्यात 'ओल्ड बार्न' नावाचा एक जण होता. दर मॅचला हॉलमध्ये हजर, आणि फोनवरून लिहिणंही सुरूच. 'चौदा नंबर पाय उचलत नाही,' त्याने एकदा लिहिलं. इंद्रजितचं डोकं सणकलं. त्याने घराजवळच्या लाल सायकलवाटेवरून 'रेडवे' असं नाव घेऊन उत्तर दिलं की चौदा नंबर बचावात कुठे उभी राहते ते जरा बघा, बॉल तिच्याकडे येतच नाही, कारण तिच्या बाजूने कुणी जायला धजत नाही. ओल्ड बार्न म्हणाला, बरं, बघतो. पुढच्या मॅचला त्याने खरंच बघितलं असावं. 'रेडवे, तुझं म्हणणं पटलं,' एवढंच त्याने लिहिलं. इंद्रजितने ते वाक्य रचनाला दोनदा वाचून दाखवलं.

मग टीमला सूर सापडला. महिनाअखेरीपर्यंत हार्लन पाचव्या जागेवर आलं. बुधवारच्या मॅचेस इथल्या मध्यरात्री असायच्या. त्या तो सकाळी आंघोळीआधी रेकॉर्डिंगवर बघायचा आणि तोवर फोनला हात लावायचा नाही. दिवसभर स्क्रीनवर तेच तेच काम, संध्याकाळी ईमेल उघडून वरदाचं काही आलं का ते बघणं, आणि अधूनमधून हा सीझन. सीझन तरी पुढे सरकत होता.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, दुसऱ्यांच्या हॉलमध्ये, पूर्वीने रिंगवरून परतलेला बॉल हवेतच पकडला, खाली आली, आणि खाली येताना तिचा उजवा गुडघा आत वळला. कुणाचा धक्काही लागला नव्हता. ती बसली. मग आडवी झाली. दोन्ही हातांनी गुडघा धरून ती तोंड उघडून काहीतरी म्हणत होती, पण आवाज येत नव्हता. तेवढ्यात कॅमेरा वळला आणि स्क्रीनवर तिथल्या पिझ्झाच्या दुकानाची जाहिरात आली.

"पडली का?" आतून आवाज आला.

इंद्रजित टीव्हीच्या जवळ सरकला. रचना हात पुसत बाहेर आली तेव्हा जाहिरात संपली होती, मॅच सुरू झाली होती आणि पूर्वी कुठेच दिसत नव्हती.

"कुठे आहे? तुम्ही काय बघून राहिले मग? कुठे गेली ती?"

"नेली असेल आत."

"कुणी नेली? चालत गेली का?"

"अगं, दाखवलंच नाही त्यांनी!"

मॅच संपेपर्यंत दोघं उभेच होते. पूर्वीचा फोन बंद. कोचचा नंबर लागत नव्हता. पोळ्या तव्याशेजारी तशाच वाळल्या. शेवटी पूर्वीचाच फोन आला, टीमच्या बसमधून.

"काही नाही बाबा, लचकलं थोडं. बर्फ लावलाय."

"व्हिडिओ कर."

"बसमध्ये नेट नाही आहे नीट. उद्या करते. आईला सांगा, जेवून घे म्हणा."

दुसऱ्या दिवशी तिने व्हिडिओ कॉल केला, पण नुसता चेहरा दाखवला. बुधवारच्या रेकॉर्डिंगमध्ये ती बेंचच्या टोकाला ट्रॅकसूटमध्ये दिसली. "कोच रेस्ट देताहेत," ती म्हणाली. इंद्रजितने स्वतःची समजूत घातली. मोठी पोरगी आहे, काही असतं तर बोलली असती.

शनिवारी मॅच सुरू व्हायच्या आधीच ओल्ड बार्नने लिहिलं: 'चौदा नंबर कुबड्यांवर आलीय. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय म्हणतात, ऑपरेशन लागणार. शेवटच्या वर्षी असं व्हावं!'

इंद्रजितने विचारलं: 'नक्की?'

'आत्ताच तिच्यासाठी दार धरून उभा होतो मी.'

इंद्रजित उठला. बेडरूममधल्या कपाटातून पासपोर्ट काढून आणला आणि लॅपटॉपवर शिकागोची विमानं बघू लागला. रचना मागे येऊन उभी राहिली. तिला सांगावं लागलं नाही. टीव्हीवर मॅचच्या खाली आलेली ती ओळ तिने स्वतःच वाचली, आणि सोफ्याच्या हातावर टेकली.

"मी जाऊन येतो," तो म्हणाला. "तू राहा इथे."

"मी कशाच्या जोरावर राहू? तुमचा अर्ज गेला की माझा गेला."

"मग दोघं जाऊ. सोडू हे सगळं. नागपूर काय वाईट आहे?"

"वाईट नाही. पण असं रागात जायचं?" तिने लॅपटॉपचं झाकण खाली ओढलं. "आधी तिला विचारा तरी."

मॅच संपेपर्यंत थांबून त्यांनी फोन लावला. या वेळी पूर्वीने काही लपवलं नाही. गुडघ्याला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा होता. तो तिने कॅमेऱ्यासमोर धरला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी का सांगेना. तू का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही उठून आले असते."

"आलोच असतो!"

"म्हणूनच." तिने पाय खाली घेतला. "बाबा, माझ्या गुडघ्यापायी तुमचं घर गेलं, हे डोक्यात घेऊन मी ऑपरेशनला नाही जाणार. खेळता येत नाही हेच पुरे आहे मला. तुम्ही यायचं नाही. प्रॉमिस करा."

सहा महिने तो समजत होता की दाराआड अडकलेले ते दोघं आहेत आणि पोरगी तिकडे मोकळी आहे. ती तर आठवडाभर एवढं दुखणं दाबून, चेहरा तेवढा दाखवून, ते बाहेर पडू नयेत म्हणून त्यांच्या दाराला बाहेरून पाठ लावून उभी होती.

"करा न प्रॉमिस."

"बरं," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याने गाडीची किल्ली उचलली. तो मोटरवेच्या दिशेने निघाला. जंक्शनच्या राउंडअबाउटला हीथ्रो विमानतळाकडची पाटी होती. तो वळला नाही, पुढे गेला, गोल फिरून पुन्हा तीच पाटी आली. मागच्या गाडीने हॉर्न दिला. तिसऱ्या फेरीला तो घराच्या रस्त्याला लागला. पासपोर्ट कोटाच्या खिशात होता. घरी आल्यावर तो त्याने कपाटात जागच्या जागी ठेवला आणि कोट न काढताच पलंगावर बसून राहिला.

आता मॅच बघायची ती कुणासाठी, असं त्याला वाटलं होतं. पण शनिवारी सहा वाजता तो खुर्चीत होताच. या वेळी रचनाही येऊन बसली. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने पहिल्यांदाच नीट खेळ बघितला आणि अर्ध्या मॅचमध्येच म्हणाली, "ही सात नंबरची आपल्या पूर्वीसारखं उभं राहायला बघते, पण जमत नाही तिला." ते खरंच होतं.

आपल्या हॉलमधल्या शेवटच्या मॅचला शेवटच्या वर्षाच्या मुलींचा निरोप असतो. एकेकीचं नाव पुकारतात, आणि ती आईबापांचा हात धरून कोर्टाच्या मध्यापर्यंत चालत जाते. कोचने पूर्वीला सुचवलं होतं की फोनवर आईवडिलांना घे आणि फोन धरून चाल. "दोन हातात दोन कुबड्या, फोन काय दातात धरू?" असं ती कोचला म्हणाली होती. मैत्रिणीच्या आईबापांनी सोबत येतो म्हटलं, त्यांनाही तिने नको सांगितलं.

बाकीच्या मुली आपापल्या आईबापांसोबत गेल्या. फुलं, मिठ्या, फोटो. मग चौदा नंबर. कोर्टाच्या कडेला ती एकटी उभी होती. इंद्रजितने फोन उचलला आणि मॅचच्या खाली लिहिलं: 'मी या मुलीचा बाप आहे. इंग्लंडहून बघतोय. मला येता आलं नाही.'

ओल्ड बार्नचं उत्तर आलं: 'तुमच्या वतीने मी उभा राहतो.'

कॅमेरा लांब होता. दुसऱ्या रांगेत हिरव्या टोपीचा एक जाडसर म्हातारा उठला. शेजारचे त्याच्याकडे बघू लागले, मग तेही उठले. पूर्वी कुबड्या टेकत निघाली. सावकाश, खूप सावकाश. कोर्ट एवढं मोठं असतं हे इंद्रजितला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मध्यावर पोचून ती थांबली, कॅमेरा कुठे आहे ते शोधलं, आणि त्याच्याकडे बघून हनुवटी वर केली. रचना दोन्ही हात तोंडावर ठेवून रडत होती. इंद्रजितने तिचा खांदा धरला.

टूर्नामेंटमध्ये हार्लन पहिल्याच मॅचला हरलं. गुरुवारी दुपारी, ऑफिसच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून त्याने फोनवर ती मॅच बघितली. शेवटचा बॉल सात नंबरच्या हातात होता. तिने घाईत फेकला, तो रिंगला लागून बाहेर गेला आणि सीझन संपला. खिडकीवर थंडीची वाफ धरली होती. तो पुन्हा वर गेला आणि मीटिंगमध्ये बसला.

संध्याकाळी पूर्वीचा फोन आला. ऑपरेशन मंगळवारी ठरलं होतं, मैत्रिणीची आई सोबत राहणार होती. वरदाने त्याच दिवशी कळवलं होतं की अजून काही नाही, थांबा. हे दोन्ही बोलून झाल्यावर पूर्वीने विषय बदलला.

"बाबा, शेवटचा बॉल बघितला?"

"बघितला. टाइमआउट घ्यायला पाहिजे होता तुमच्या कोचने."

"उरलाच नव्हता टाइमआउट!"

"होता. एक होता. मी मोजत होतो."

"बाबा, मी बेंचवर होते!"

"मग काय? मी पण होतो."

ती हसली, आणि मग दोघं भांडत बसले: बचाव मागे घ्यायला हवा होता की नाही, सात नंबरला तिथे ठेवणंच चूक होतं का. रचनाने ताटं वाढली, हाका मारल्या, शेवटी त्याचं ताट झाकून ठेवलं आणि स्वतःही येऊन फोनच्या स्पीकरजवळ बसली.