खळ वाळायच्या आत

मित्रांनो, हा पिवळट, कोपरा फाटलेला स्पंज म्हणजे मी. कारखान्यात मला मोठ्या लादीतून कापलं, तेव्हा मी पावासारखा फुगीर होतो. पुढे वॉलपेपरच्या दुकानात खळीच्या डब्याशेजारी बसू लागलो. माझं काम एकच. कागद लावताना आजूबाजूच्या रंगावर आलेली खळ ओली असतानाच टिपून घ्यायची. इतकं सोपं काम, पण मला ते वेळेवर करू देतील तर शपथ.

मला एका धाकट्या भावाने विकत घेतलं. त्याची थोरली बहीण, ताई, त्याच्याच घरी राहायची. ती लेकीकडे गेली होती. तेवढ्यात तिच्या खोलीला वॉलपेपर लावून तिला चकित करायचं, असं त्याने आणि त्याच्या बायकोने ठरवलं. त्या खोलीच्या दाराची आणि खिडकीची चौकट ताईने दुखरा खांदा सांभाळत स्वतः रंगवली होती. रंगात रंग मिसळून तिने तो मोरपंखी साधला होता.

पहिलाच पट्टा दाराला लागून बसला आणि चौकटीवर खळ ओघळली.

"अहो, आधी पुसून घ्या ना," बायको म्हणाली.

"या भिंतीचे सगळे पट्टे होऊ देत, मग एकदाच पुसतो. सारखं काय ते खाली-वर करायचं?"

मी बादलीत तरंगत होतो. ओघळांवर साय धरताना दिसत होती आणि माझा नुसता जळफळाट होत होता. शेवटी त्याने मला उचललं, तेही खळीने गढूळ झालेल्या पाण्यातून. मी पुसत कसला होतो, खळच सारवत होतो.

सकाळी चौकटीवर गोगलगाय फिरून गेल्यासारखे चकाकते पट्टे उमटले होते. मग त्याने माझ्या पाठीला चिकटवलेल्या खरखरीत बाजूने घासायला घेतलं. मित्रांनो, जो रंग राखायचा, तोच माझ्या अंगाने सोलला जात होता. खालचा जुना तपकिरी रंग उघडा पडला, तेव्हा कुठे त्याचा हात थांबला.

ताई आली. "कागद छान आहे रे," म्हणाली. मग तिने चौकटीवरून बोट फिरवलं.

"तोच रंग आणून पुन्हा लावू," भाऊ म्हणाला.

"तो डब्यात मिळत नाही. काय काय मिसळलं होतं, मलाच आता आठवत नाही."

त्यांनी खटपट केली. एक रंग हिरवट निघाला, दुसरा निळा. ठिगळ ते ठिगळच राहिलं. मला मोरीत भिरकावलं. तिथे मी वाळून टोस्टसारखा कडक झालो.

खिडकीच्या भिंतीला कागद लावायचा अजून बाकी होता. भाऊ ती राहू दे म्हणत होता, पण ताईने मला शोधून भिजवलं आणि स्टूल ओढून खिडकीशी बसली. भाऊ लावेल त्या प्रत्येक पट्ट्यामागे ती चौकट पुसायची, मला धुऊन पिळायची आणि पुन्हा पुसायची.

"अजून रागावली आहेस?" भावाने विचारलं.

"आहे. पाणी बदलून आण."

तो बादली घेऊन गेला.

खिडकी वाचली. पाहुणे मात्र अजूनही दाराशी थांबून विचारतात, "इथे काय झालं?" तेव्हा माझा जीव चरफडतो.

मित्रांनो, मला शाबासकी नको. मला स्वच्छ पाण्यात पिळून हाताशी ठेवा आणि ओघळ दिसला की लगेच उचला. उद्या घासून काढू, म्हणू नका. उद्या डागाबरोबर कुणाची तरी मेहनतही निघून येते.