इस्तारीच्या खिशातली फीत

मी एक जुनी कापडी फीत आहे, लाकूड मोजायची. माझे पहिले दोन फूट आता वाचता येत नाहीत. पण मित्रांनो, बारा वर्षं मी बल्लारपूरच्या एका लाकूड डेपोत काम केलं, आणि ती सगळी वर्षं एकाच माणसाच्या खाकी शर्टाच्या खिशात काढली. त्याचं नाव इस्तारी.

कारखान्यात विणलेल्या सुतावर रोगण चढवून माझ्या अंगावर काळे आकडे छापले गेले. १९९१ साली मी डेपोत आले. एटापल्लीच्या जंगलातून ट्रक भरून सागाचे लठ्ठे, म्हणजे ओंडके, येत. इस्तारी मला लठ्ठ्याभोवती फिरवून मोठ्यानं आकडा सांगायचा. त्यानं सांगितलेला आकडा साहेब पुन्हा तपासत नसत. मला फार अभिमान वाटे.

एकदा त्याचा शेजारी धनराज एक गुळगुळीत रंगीत कागद घेऊन आला. कुठल्याशा कंपनीत पाच हजार भरायचे आणि दहा वर्षांनी सागाच्या झाडाचे लाख रुपये घ्यायचे. इस्तारीनं त्याला एका जाड लठ्ठ्यापाशी नेलं आणि कापलेल्या तोंडावरची वलयं मोजायला लावली. साठापर्यंत मोजून धनराज थांबला.

"दहा वर्सात एवढा साग होते म्हन्ते तुही कंपनी? मले नोको सांगू. मी रोज साग मोजून राह्यलो."

धनराजनं पैसे भरले नाहीत. दोन वर्षांनी त्या कंपनीच्या कचेरीला कुलूप लागलं. सगळे इस्तारीचं कौतुक करू लागले. तेव्हापासून त्याला वाटू लागलं, आपल्याला कोणी फसवू शकत नाही.

त्याची बायको गोकुळा तलावातली मासोळी बाजारात विकायची. मुलगी जया पहिलीत गेली, तेव्हा तिच्या पुढच्या शिक्षणासाठी दोघांनी महिन्याला तीनशे रुपये बाजूला काढायचं ठरवलं. बँकेतून निवृत्त झालेले रामाजी त्यांना म्हणाले, "म्युच्युअल फंडात टाका, तिथी पैसे पुष्कळ कंपन्यांत वाटल्या जाते. पन दहा वर्सं हात लावाचा नाई. अन् दुखन्याखुपन्याचे पैसे अलग बँकेत ठेवा. त्याले शेअरबाजार दाखवाचाच नाई."

चार वर्षं सगळं नेमानं चाललं. मग २००० साल उजाडलं. डेपोच्या फाटकासमोरच्या चहाटपरीवर जो तो कॉम्प्युटरच्या कंपन्यांबद्दल बोलू लागला. कोणाचे पैसे तीन महिन्यांत दुप्पट झाले होते. इस्तारीला राहवलं नाही. त्यानं बँकेतले दुखण्याखुपण्याचे बारा हजार काढले आणि एकाच कंपनीचे शेअर घेतले. ती कंपनी काय बनवते, हे त्याला सांगता आलं नसतं. गोकुळाला त्यानं काहीच सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात गोकुळाला मलेरिया झाला. ताप डोक्यात गेला. तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. बाहेरून महागाची औषधं आणायला सांगितली, तेव्हा त्या बारा हजारांचे आठशे उरले होते. इस्तारी खिशात हात घालून मला मुठीत आवळत उभा होता. त्याचा घाम मला अजून आठवतो. त्याच दिवशी त्यानं डेपोत जायची-यायची आपली लुना विकली.

गोकुळा वाचली. घरी आल्यावर तिनं विचारलं, "लुना कुठी हाय?"

इस्तारीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. मग म्हणाला, "फंडबी घसरून राह्यला. उद्या जातो अन् उरलेले सारे काढून आनतो."

"नाई," गोकुळा म्हणाली. आवाज अशक्त होता, पण ठाम होता. "चूक तुमी केली, फंडानं नाई. जयाले अजून सहा वर्सं हायेत. आपले तीनशे बंद होनार नाईत. अन् बँकेतले बारा हजार पयले भरून काढाचे."

"कसे भरतीन? लुनाबी गेली."

"पायी जाजा. पेट्रोलचे वाचतीन ते बँकेत."

आणि तो पायी गेला. रोज जाताना तीन किलोमीटर, येताना तीन, उन्हात अन् चिखलात. मी खिशात होते, म्हणून मला ठाऊक आहे. टपरीवर तो चहा घ्यायचा, पण शेअरच्या गप्पा निघाल्या की पेला ठेवून उठायचा. दोन वर्षांत बँकेतले पैसे भरून निघाले. तीनशेचा एकही महिना चुकला नाही.

२००३ साली डेपोत स्टीलच्या टेप आल्या आणि मला भंगारात टाकलं. इस्तारीनं साहेबांना विचारून मला घरी आणलं. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर मी लटकले. पुढे कोणाचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

२००७ मध्ये जयाला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. बाजार तेव्हा चढत होता. इस्तारी फंडातून पैसे काढायला निघाला, तर धनराज दारात आडवा आला. "इस्तारीभाऊ, दिवाळीवरी थांब. अजून वाढतीन!"

"वाढू दे. जयाचं कालेज सोमवारी हाय."

त्यानं लागणार होते तेवढेच पैसे काढले. दिवाळीपर्यंत भाव खरंच आणखी वाढले. धनराज चुकचुकला, इस्तारी नाही. जया तोवर वसतिगृहात राहून शिकत होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या झिजलेल्या वस्तूंना अडगळ समजू नका. कधीतरी पुसून नीट गुंडाळून ठेवा, त्यांनी तुमच्या माणसांचे कठीण दिवस जवळून पाहिलेले असतात. आणि तुमच्या घरात कोणी शेअरच्या कागदावर सही करायला बसलं, तर जवळ जाऊन एवढंच विचारा, "हे पैसे कधी लागणार आहेत?" उत्तर मिळेपर्यंत त्यांच्या हातातलं पेन धरून ठेवा.